गाडी चालू होते काहून?

१

आमची जीप सकाळी कधी चालू व्हायची, कधी नाही. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. जुन्या डिझेल गाड्यांना ही खोड असतेच, आणि ती मोडणारे मिस्त्री रायपुरात पावलापावलावर बसलेले आहेत. मी स्वतः सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. सगळी उमर रेघा मारण्यात गेली, त्यामुळे रेघ कुठून निघाली आणि कुठं पोचली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायकोच्या मते हा माझा रोग तिच्या रोगापेक्षा जुनाट आहे.

बायकोचं नाव पद्मजा. गोष्ट दोन हजार दोन सालच्या हिवाळ्यातली. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. शंकर नगरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बंगल्यावर नव्या ऑफिसची पाटी लागायची, आणि लाल दिव्याच्या गाड्यांना वाट द्यायला आमच्या गल्लीतल्या गाईसुद्धा शिकल्या होत्या. पद्मजाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता डायलिसिस. दवाखाना शहराबाहेर, मशिनी मोजक्या, वाट पाहणारे ढीगभर. सातची वेळ हुकली की मशीन दुसऱ्याला. जाताना ऑटो मिळायचा, पण येताना तिला बसवत नसे, आडवंच करून आणावं लागे. म्हणून ही जीप घेतली होती, मागं लांब बाक असलेली.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी जीप चालू झाली नाही. सेल्फ मारला की इंजिन घरघरायचं, पण पेट घ्यायचं नाही. ऑटो शोधून पोचेपर्यंत साडेसात झाले. मशीन गेलं होतं, उद्या सकाळी या म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिच्या छातीत पाणी भरलं. आडवं होता येईना. समोरच्या खोलीतल्या खिडकीचे गज धरून ती रात्रभर श्वास ओढत राहिली. त्याच खोलीत माझ्या वडिलांची खाट आहे. बाबाही त्या रात्री जागेच होते. सकाळी तिला मशीनवर घेतलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मंगळवारी आणि शुक्रवारी जीप चालू झालीच पाहिजे.

२

आमचा मिस्त्री यज्ञेश्वर भोयर. मूळचा गोंदियाचा, तेलीबांध्याच्या तळ्यामागं त्याचं गॅरेज. बोलायला कमी आणि कामाला सावकाश, त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास. त्यानं आधी बॅटरीची टोकं घासली. मग अर्थिंगची वायर बदलली. थंडी पडली तसे हीटर प्लग नवे टाकले. शेवटी सेल्फ खोलून त्यातले कार्बन बदलले. दर वेळी गॅरेजात जीप एका किल्लीत चालू व्हायची, घरी आणली की दुसऱ्या दिवशी पुन्हा रुसायची. त्यानं अगदी हात टेकले.

शेवटी तो म्हणाला की रोग डॉक्टरसमोर दडून बसतो, तेव्हा आता तुम्हीच रोज लिहून ठेवा. वार, वेळ, थंडी किती, टाकीत डिझेल किती, गाडी उतारावर उभी होती की सपाटीवर, सेल्फ किती वेळ मारावा लागला. मला आनंदच झाला. मी ऑफिसातून आणलेल्या मोठ्या कागदावर तक्ता आखला, रकान्यांची नावं लेटरिंग करून लिहिली. तोवर जीप मी दवाखान्याच्या दिवशी आणि एखाद्या रविवारी गोल बाजारात जायलाच काढायचो. ऑफिसला स्कूटर होती. आता रोज सकाळी सहाच्या सुमाराला सेल्फ मारून पाहायचा नेम धरला.

त्याच दिवसांत एकदा दवाखान्यातून परत येताना पद्मजा मागच्या बाकावरून म्हणाली, "माझ्यासाठी किती करता तुम्ही. इतक्या पहाटे उठता. मी जागीच असते, पण बोलत नाही."

मला वाटलं, गाडी चालवण्याबद्दल बोलते आहे. मी हं केलं आणि मनातल्या मनात सुखावलो. बायकोनं केलेलं कौतुक नवऱ्यानं तपासून घ्यायचं नसतं.

३

डिसेंबरात यज्ञेश्वरनं सांगितलं की त्याला संशय आहे तो हवेचा. डिझेलच्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल ओढून आणणारी नळी असते. तिला कुठं बारीकशी चीर पडली, तर रात्रभरात डिझेल टाकीत उतरून जातं आणि नळीत हवा भरते. सकाळी इंजिन हवा गिळत बसतं. इलाज सोपा. इंजिनाच्या कुशीत एक छोटा हातपंप असतो. त्याची मूठ पिळून मोकळी करायची, तीस-चाळीस वेळा दाबायची, डिझेल वर चढतं. मग मूठ पुन्हा घट्ट पिळून टाकायची. चीर कुठं आहे ते सापडेपर्यंत त्यानं त्या वाटेवर हातभर पारदर्शक नळी जोडून दिली, म्हणजे आत डिझेल आहे की हवा ते डोळ्यांना दिसेल.

दवाखान्यातल्या मशीनलाही तशाच नळ्या होत्या. तिथं पद्मजाचं रक्त बाहेर येऊन परत आत जायचं. रक्तात एक बुडबुडा दिसला तरी मशीन ओरडून थांबायचं, कारण तो बुडबुडा आत गेला तर माणूस गेला. मी चार तास त्या नळीकडे पाहत बसायचो आणि घरी आल्यावर बॉनेट उचलून दुसऱ्या नळीकडे.

तीन आठवड्यांत तक्ता भरत आला. बुधवार, नळी रिकामी, चालू नाही. गुरुवार, रिकामी. शुक्रवार, नळी काठोकाठ, अर्ध्या किल्लीत चालू. शनिवार, रविवार, सोमवार रिकामी. मंगळवार काठोकाठ.

मी ड्राफ्ट्समन माणूस, मी कारणं शोधली. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी काही वेगळं करतो का? गाडी उलट्या तोंडानं लावून पाहिली. डिझेल वेगळ्या दिवशी भरलं. एकदा तर दोन दिवस तिला हातच लावला नाही. तक्ता जराही हलला नाही. मग मी खाली पेन्सिलीनं "योगायोग" असं लिहिलं आणि तो कागद घडी करून ठेवून दिला.

४

संक्रांतीच्या आदल्या दिवशी यज्ञेश्वर घरी आला. तो तक्ता त्यानं दोनदा वाचला. मग तो जीपखाली शिरला तो तासभर बाहेर आला नाही. आल्यावर कितीतरी वेळ हात पुसत उभा राहिला.

टाकीच्या वरून जाणारी नळी बोटभर चिरली आहे, असं त्यानं सांगितलं. टाकी खाली उतरवावी लागेल, नळी नागपूरहून मागवावी लागेल, दहा-बारा दिवस जातील. मी म्हटलं, चला, रोग तर सापडला. तो काही हसला नाही.

"साहेब, तुम्ही मले विचारून राहिले का गाडी बंद काहून राहते," तो म्हणाला. "एवढी चीर असल्यावर ते रोजच बंद राहायले पायजे. मंगळवारी चालू होते काहून, ते सांगा मले."

त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि हातपंपाच्या मुठीवरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. मूठ कुणी पिळली तर रेघ तुटेल. पद्मजानं चहा ठेवला होता, तो न पिताच गॅरेजात काम पडलं आहे म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पावणेसहाला मी बॉनेट उचललं. नळी काठोकाठ भरली होती आणि रेघेचे दोन तुकडे झाले होते. मूठ घट्ट होती, पण वरचा तुकडा खालच्यापासून करंगळीभर पुढं गेला होता.

५

कुणी केलं असेल, याची मी यादी केली. पद्मजाला तर बॉनेट उचलवत नाही. बाबांचं करायला विमला येते, ती सकाळी सातला आणि संध्याकाळी. फाटकाला आतून कुलूप. उरलो मी. माणूस झोपेत चालतो असं ऐकलं होतं, म्हणून मी माझे हात हुंगून पाहिले. त्यांना काल वळलेल्या तिळगुळाचा वास होता.

आणि उरले बाबा. बाबांचं नाव पांडुरंग. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. चौदा महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जीप त्यानंतर आली, म्हणजे त्यांनी तिला कधी हातसुद्धा लावलेला नाही. पण त्यांच्या खाटेजवळची खिडकी पोर्चकडे उघडते, आणि मी फुकट सेल्फ मारत बसलो की त्यांची डावी पापणी आवळली जायची. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो. आमच्यात फारसं बोलणं कधीच नव्हतं. मी शेडमध्ये जावं असं त्यांना वाटत होतं, मी कागद-पेन्सिल धरली, तिथंच संभाषण आटपलं. आणि आभार वगैरे मानायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

त्या मंगळवारी संध्याकाळी विमला बाबांचं अंग पुसून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "भैया, बाबूजी के हाथ से डीजल की बास आती है. मंगल और शुक्कर को. साबुन से भी नहीं जाती."

तिला वाटलं होतं, मी मालिशीला काहीतरी लावतो. मी आत जाऊन बाबांचा उजवा हात उचलला. मेलेला हात, ओल्या कापडासारखा जड. वरून साबणाचा वास आणि त्याच्या खाली तो दुसरा. बाबा छताकडे पाहत होते. विमला आदल्या संध्याकाळी त्यांची चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचून जाते, घसरू नये म्हणून. सकाळी चादर तशीच खोचलेली होती असं तिनं शपथेवर सांगितलं.

रात्री मी पद्मजाला सहज विचारल्यासारखं विचारलं, मी पहाटे उठतो ते तुला कसं कळतं?

"टक-टक ऐकू येते न, पाच वाजता," ती म्हणाली. "तुम्हीच असता न ते?"

मी हो म्हणालो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं साधं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

६

शुक्रवारी पहाटे साडेचारला मी बाबांच्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसलो. त्यांचा उजवा हात चादरीतून काढून माझ्या दोन्ही हातांत धरला. खिडकीतून पोर्च दिसत होता. गल्लीतल्या दिव्याचा उजेड जीपवर पडला होता, समोरच्या काचेतून स्टिअरिंगही दिसत होतं. माझी समजूत अशी की आपण हात धरून ठेवला म्हणजे एका गोष्टीचा तरी निकाल लागेल.

पाच वाजता आवाज सुरू झाला. टक. टक. टक. बॉनेट बंद होतं, जीपजवळ कुणी नव्हतं, आणि आवाज बंद बॉनेटच्या आतून येत होता. दर पाच-सहा ठोक्यांनंतर थोडी उसंत, वय झालेला माणूस दम घ्यायला थांबतो तेवढी. माझ्या हातातला हात हलत नव्हता. पण अंगठ्याच्या मुळाशी, आत खोल, दर ठोक्याला काहीतरी आवळत होतं आणि सैल पडत होतं. मी मोजले. अडतीस झाले. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि जानेवारीच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हाच मला स्टिअरिंगवर बांधलेलं फडकं दिसलं. लाल, हातभर.

ते मी ओळखलं. शेडमध्ये फिटर इंजिनात हात घालण्याआधी वर ड्रायव्हरच्या हँडलला लाल फडकं बांधायचा. याचा अर्थ, आत माणूस आहे, इंजिन चालू करायचं नाही. ज्यानं बांधलं त्यानंच ते सोडायचं. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी लहान असताना बाबा घरातला टेबलफॅन दुरुस्त करतानासुद्धा प्लगला लाल चिंधी बांधायचे आणि आई त्यावरून त्यांची चेष्टा करायची.

उजाडल्यावर मी बाहेर गेलो तेव्हा स्टिअरिंगवर काही नव्हतं. जीप अर्ध्या किल्लीत चालू झाली. मी घाबरलो होतो, हे कबूल. पण त्या भीतीहून मोठं दुसरं काहीतरी होतं. ऑक्टोबरच्या त्या रात्रीनंतर एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकला नव्हता. मागच्या बाकावर पद्मजा जिवंत होती. मी त्याच दिवशी घरी येऊन बाबांना तसं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

७

हळदीकुंकवाचे दिवस होते. सोमवारी संध्याकाळी पद्मजा पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, तीन घरी जाऊन आली. कुणी लोणचं-पुरी दिली, कुणी सरबत. तिला दिवसाला मोजून दोन पेले पाणी चालायचं. पण हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीनं नाही म्हणायचं नसतं, म्हणून ती नाही म्हणाली नाही आणि मलाही बोलली नाही.

मंगळवारी पहाटे पाचला ती उठून बसली. ओठ निळे पडले होते, श्वासाबरोबर छातीत बुडबुड आवाज येत होता. मी तिला उचललं आणि मागच्या बाकावर नेऊन टेकवून बसवलं. रोजच्यापेक्षा पाऊण तास आधी मी जीपमध्ये बसलो होतो.

बॉनेटमधून आवाज चालू होता. टक. टक. स्टिअरिंगवर फडकं होतं.

मी थांबलो. खोटं नाही सांगत, मी थांबलो. मोठ्यानं म्हणालो, बाबा, आवरा. आवाज थांबला नाही, उलट भराभर यायला लागला. मागं पद्मजानं माझ्या सीटची पाठ धरली आणि सोडली. तिची पकड सुटली तेव्हा मी फडक्याच्या गाठीला हात घातला. गाठ चिवट होती. फडकं हाताला गरम लागलं. मी ते ओढून काढलं, खाली टाकलं आणि किल्ली फिरवली.

इंजिनानं लगेच पेट घेतला. त्याच क्षणी समोरच्या खोलीतून बाबा ओरडले. चौदा महिने त्या गळ्यातून शब्द निघाला नव्हता. एकदाच ओरडले.

मी ते ऐकलं, आणि गिअर टाकला.

८

पद्मजा वाचली. डॉक्टरांनी तीन लिटर पाणी काढलं आणि मला सगळ्यांसमोर झापलं. आणखी पंधरा मिनिटांनी आणली असती तर आणायची गरज नव्हती, म्हणाले.

घरी पोचायला दुपार झाली. विमला दारातच उभी होती. तिनं बाबांच्या उजव्या हाताला स्वच्छ फडकं गुंडाळलं होतं. आतली दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, शेंड्यापासून चेचली होती. नखं निघाली होती आणि कातडीवर काळ्या रबराचे आडवे वळ होते. चादर मात्र चारी बाजूंनी खोचलेलीच होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली. खाटेच्या लोखंडी पट्टीत बोटं सापडली असणार, असं त्यांनी ठरवलं. ती बाजू बधिर आहे, त्यांना काही कळलं नसेल, असंही म्हणाले.

मी बाबांजवळ बसलो. इंजिनाच्या पंख्याचा बेल्ट फिरताना मध्ये हात आला तर कसे वळ उठतात, हे मला यज्ञेश्वरच्या गॅरेजात पाहून माहीत होतं. बाबा माझ्याकडे पाहत होते. डावा डोळा ओला होता, पण तो एरवीही ओला असतो.

"पद्मजा वाचली, बाबा," मी म्हणालो. मी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि पोटभर रडलो.

मग मी यज्ञेश्वरला फोन करून त्याच्या मागं लागलो. नागपूरची नळी येईपर्यंत थांबणार नाही, दुसरी कुठली तरी टाक, पण उद्याच्या उद्या टाक. बुधवारी त्यानं टाकी उतरवली, नळी बदलली, पारदर्शक नळीही काढून टाकली. गुरुवारी सकाळी जीप पहिल्या किल्लीत चालू झाली, आणि तक्त्यातला एकही गुरुवार तोवर तसा गेला नव्हता. मी आत जाऊन बाबांना सांगितलं की नवी नळी टाकली आहे, आता कुणी पंप मारायची गरज नाही, तुम्ही आराम करा. त्यांनी डावी पापणी मिटली. मी त्याचा अर्थ बरं असा घेतला.

९

शुक्रवारी पावणेसहाला पद्मजाला मागच्या बाकावर बसवलं आणि पुढं येऊन बसलो. स्टिअरिंगला फडकं बांधलेलं होतं.

बॉनेट बंद होतं. आतून आवाज येत होता, पण टक-टक नव्हती. कुणीतरी काहीतरी घासत होतं, थांबत होतं, पुन्हा घासत होतं. नळी नवी होती, इंजिन ठणठणीत होतं. आत कसलं काम बाकी राहिलं होतं, मला माहीत नाही. यज्ञेश्वरला विचारायचा धीर अजूनही झालेला नाही.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. दवाखान्याचा रस्ता चाळीस मिनिटांचा. सहाला निघालो की निवांत पोचतो, सव्वासहाला निघालो तर कसेबसे. घड्याळात सहा वाजले. गल्लीत दूधवाल्याची सायकल आली आणि गेली.

"निघायचं न?" पद्मजानं विचारलं.

"थांब थोडं," मी म्हणालो. "बाबांचं व्हायचं आहे."

मग तिचा हात मागून माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

सहा वाजून आठ मिनिटांनी आतला आवाज थांबला. फडक्याचं एक टोक हललं. गाठ आवळून बसली होती. टोक ओढलं जायचं, निसटायचं, पुन्हा धरलं जायचं. दोन बोटांना पट्ट्या बांधलेल्या माणसाला गाठ सोडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ लागत होता. मला हात पुढं करावासा वाटला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. काचेच्या पलीकडे कुणी वाकलं आहे असं वाटलं, एका खांद्याचा आकार आणि शेडच्या वर्दीसारखी वर दुमडलेली निळी बाही, एवढंच. मी डोळे मिटले. काम करताना कुणी टक लावून पाहिलेलं बाबांना आवडत नाही.

डोळे उघडले तेव्हा स्टिअरिंग मोकळं होतं. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"फार उपकार झाले, बाबा," मी मोठ्यानं म्हणालो. आरशात पद्मजानं हात जोडलेले दिसले. मग मी किल्ली फिरवली.